हान्काचा ‘नो’

शत्रूने संयुक्त युरोपीय सेनेची कानातली भाषांतरयंत्रं बंद पाडली, तेव्हा नदीपलीकडच्या शाळेत नऊ जखमी अडकले होते. स्पॅनिश कॅप्टन गोन्सालोने होडीकडे हात करून टेहळणीवरच्या पोलिश हान्काला ओरडून विचारलं, “ओके?”

“नो!” ती ओरडली.

त्याने होडी थांबवली.

दहा मिनिटांनी यंत्रं सुरू झाली. तोवर शाळेवर बॉम्ब पडला होता.

“होडी का नाही सोडलीस?” हान्का धावत आली.

“तूच नाही म्हणालीस!”

“अरे, पोलिशमध्ये ‘नो’ म्हणजे ‘हो, चला’! तीन वर्षं एका टेबलावर जेवतोय आपण. माझा आवाज कधी ऐकलास, की त्या डबड्याचाच?”

गोन्सालोने मान खाली घातली. पोलिशमध्ये माफी कशी मागतात, हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि यंत्राकडून ती मागायची त्याला लाज वाटली.