पडद्याआडचं नाव

पडद्याआड शकेबाचे ओठ दुआ पुटपुटत होते. कंपनी बाईची आहे हे राजवटीच्या माणसांना कळलं, तर टाळं लागणार होतं आणि घरोघरी लपून संगणकावर काम करणाऱ्या तिच्या हाताखालच्या सगळ्या मुली उघड्यावर पडणार होत्या. “‘मालक मीच’ एवढंच सांगा,” असं तिनं वडिलांना, बाबाजानना, विनवलं होतं. तशी ते तिचं नाव घेतील अशी भीती नव्हती म्हणा. परक्या पुरुषापुढे लेकीचं नाव घेणं म्हणजे हेरातमध्ये बेअदबी. कंपनीला बक्षीस मिळालं तेव्हाही बाबाजान “घरच्यांनी केलं” एवढंच बोलले होते, आणि शकेबा रुसून जेवली नव्हती.

चौकशीला आलेल्या बंदूकवाल्यानं चहाचा घोट घेतला. “हाजीसाहेब, मालक तुम्हीच?”

“मीच.”

तो हसला. “तुम्हाला तर माउस धरता येत नाही! अन् म्हणे शहरातले दवाखाने तुमच्या प्रोग्रामवर चालतात. कुणा परदेशी पोराचं चोरलंत?”

“चोरी? माझ्या घरात?” बाबाजानची दाढी थरथरली.

शकेबानं दोन्ही हात तोंडावर दाबले. ‘या अल्ला, त्यांना गप्प कर.’

“माझ्या लेकीचं डोकं आहे ते! माझ्या शकेबाचं!”

हे ऐकायला तिनं उभा जन्म वाट पाहिली होती.