आरशातली मागची सीट

"अण्णा, गाडीत एकटे असता तेव्हा आरशात बघून कुणाशी हसता हो?"

"हिम्मत असेल तर विचार," असं शाळेत मैत्रिणीने, विनोदिनीने डिवचलं होतं, आणि मागे हटेल ती प्रमिला कसली! धारला निघालेल्या मोटारीत, मागच्या सीटवरून तिने खणखणीत आवाजात विचारून टाकलं.

"तुझ्याशीच की," अण्णा म्हणाले.

"पण मी तर शाळेत असते!"

अण्णांनी एका हाताने आरसा जरा सरळ केला. देवास दरबारकडून ही जुनी मोटार विकत घेतल्यापासून बापलेकीने मिळून तिचे प्लग घासले होते, कार्बुरेटर उघडून साफ केला होता. नवा आरसा तर प्रमिलानेच स्क्रू आवळून बसवला होता. गाडी नीट झाली की आधी तुलाच चालवायला शिकवीन, असं अण्णांचं वचन होतं.

तिने मान उंचावून त्या आरशात पाहिलं. मागच्या सीटवर तीच होती. रिबिनी तिच्याच, फ्रॉकही तिचाच. प्रमिलाने हात हलवला. आरशातली मुलगी हात मांडीवर ठेवून गप्प बसून राहिली.

"आई, बघ ना गं!"

पुढे बसलेल्या आईने आरशात पाहिलं आणि ती मायेने हसली. "किती शहाण्यासारखी बसलीय माझी बाय!"

"उद्यापासून तुला स्टीअरिंगवर बसवतो हं, बाळ," अण्णाही आरशाकडेच बघत म्हणाले.

आरशातल्या मुलीने मान डोलावली.

प्रमिलाने दाराची कडी धरली. "अण्णा, गाडी थांबवा. आई, मी इथूनच पायी परत जाते. मुलगी आहेच तुमच्याजवळ."