पहिला पेला

क्रांती कॉलेजातल्या मुलांच्या दारू पिण्यावर संशोधन करत होती. रेवदंड्यात मुलाखतीसाठी एकसष्टावा नंबर तिच्या चुलतभावाचा, गणराजचा लागला. पिण्यापायी त्याचं एक वर्ष बुडालं होतं. "पहिला पेला कुणी दिला?" तिनं विचारलं. गणराजनं उलट विचारलं, "नाव लिहिणार हायस?" "नाही. कुणाला सांगणारही नाही." "काकांनी दिला. तुझ्याच हळदीत." क्रांतीनं 'घरातली माणसं' या रकान्यात खूण केली. माहेरी वडील धाकटीच्या हळदीची यादी करत होते. तिनं कुणाचंही नाव न काढता सांगितलं, "बाबा, एकसष्टातल्या चाळीस मुलांना पहिला पेला घरच्यांनीच दिलाय." वडिलांचं पेन थांबलं. "गणराजला मी दिला होता," ते म्हणाले. त्यांनी यादीतली दारू खोडली आणि पुतण्याला फोन लावला. "गणू, आपल्या हळदीला दारू न्हाय. येशील ना?" "मग येतो, काका. येणारच नव्हतो मी."