देवरुखातलं अस्सल थाई

“हे अस्सल थाई नाही,” पुण्याहून आलेल्या केतकरांनी हिरव्या रश्शाची वाटी दूर सारली आणि मालकिणीला बोलावलं. गेल्याच वर्षी ते चार दिवस बँकॉकला जाऊन आले होते.

पदराला हात पुसत माली स्वयंपाकघरातून बाहेर आली.

“मणिपूरच्या का तुम्ही?”

“नाही, देवरुखची सून. माहेर चियांग माई.” थायलंडच्या उत्तरेतलं हे शहर केतकरांच्या टूरमध्ये नव्हतं.

“म्हणजे तिकडंच कुठंतरी! मग तुम्हाला कसं ठाऊक असणार? खरी थाई करी लाल आणि गोड असते. आमच्या टूरबरोबर नाशिकचा आचारी होता, तो रोज करायचा.”

मालीने मान डोलावली. आत जाऊन तिने वाटीभर रश्शात टोमॅटो सॉस आणि दोन चमचे साखर ढवळली. केतकरांनी ती वाटी चाटूनपुसून संपवली. “आता कसं! थेट बँकॉक!” म्हणत, फोटो काढून ते निघून गेले.

माली रिकामी वाटी घेऊन चुलीपाशी परतली.

गल्ल्यावर बसलेल्या सासूबाईंनी सगळं ऐकलं होतं. लग्नाला तीन वर्षं झाली, पण सुनेच्या या रश्शाला त्यांनी कधी बोट लावलं नव्हतं. वासानेच मळमळतं म्हणायच्या. आज त्या आत आल्या, पातेल्यातला हिरवा रस्सा स्वतः वाढून घेतला आणि भाकरी कुस्करून खाऊ लागल्या. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

“तिखट लागलं का, आई?” मालीने घाबरून विचारलं.

“लागू दे. त्या मेल्याला काय कळतंय!” नाक ओढत त्या म्हणाल्या. “उद्यापासून माझ्यासाठी वेगळी आमटी टाकू नकोस.”