तोंडातली पिल्लं

श्रीनाथच्या टँकमधली पिवळी मासोळी कितीतरी दिवस काही खात नव्हती.

“सिक आहे ती. काढून टाक,” भाऊसाहेबांनी लेकाला फर्मावलं.

“सिक नाही, बाबा. आफ्रिकेतल्या मलावी तळ्यातली जात आहे. पिल्लं तोंडात सांभाळते. ती नीट पोहायला लागेपर्यंत ही तोंड उघडत नाही, खातसुद्धा नाही.”

सोफ्यावर श्रीनाथची आई, उर्मिलाबाई, गवार मोडत होत्या.

“बरं, ऐक,” भाऊसाहेब म्हणाले. “ पुण्याचा फ्लॅट विकायचं ठरवलंय मी. आम्ही दोघं आता कायमचे इथं परदेशात, हिल्सबरोत, तुझ्याकडे. आईचं काय, तिचं कधी काही म्हणणं नसतं.”

“स्वीट ॲज, बाबा! एकदम झकास!”

तेवढ्यात मासोळीनं तोंड उघडलं. तांदळाएवढी पिल्लं पाण्यात पसरली.

उर्मिलाबाईंनी ताटली बाजूला ठेवली.

“फ्लॅट दोघांच्या नावावर आहे. मी सही करणार नाही. माझी पोरं वाढवून झाली.”