वापरणारीची चूक

उजवीकडचा पडदा काळा झाला, डावीकडच्यावर राखाडी रेघा थरथरल्या आणि यंत्र आपणहून बंद पडून पुन्हा सुरू होऊ लागलं. दुपारचे तीन वाजले होते. जेवणानंतरची ही चौथी वेळ.

"आता काय लावलंस?" धाकट्या भावाने आतल्या खोलीतून विचारलं.

"काही नाही. हात मांडीवर होते माझे."

ताईने वहीत वेळ टिपली. ती चित्रपटांचं संकलन करी. तिचा पहिला स्वतंत्र माहितीपट संध्याकाळी सहाच्या आत निवड समितीकडे पोचायचा होता; सहानंतर समितीचं ऑनलाइन पान बंद होणार होतं. शेवटच्या प्रसंगाखालची सबटायटलची एक ओळ दुरुस्त करायची आणि पूर्ण फिल्म यंत्रातून तयार करून काढायची, एवढंच उरलं होतं. त्या काढण्याला मात्र चाळीस मिनिटं लागत, आणि यंत्र सलग दहा मिनिटंही तग धरत नव्हतं.

यंत्र भावाने बांधलेलं होतं. बाजारातून सुटे भाग आणून त्याने संगणकाची पेटी जोडली होती आणि एका कंपनीच्या स्वतःच्या यंत्रांवरच चालणारी प्रणाली युक्तीने तिच्यावर चढवली होती. अशा जोडकामाला हॅकिंटॉश म्हणतात. ते करणाऱ्यांच्या इंटरनेटवरच्या मंचावर भावाला सगळे गुरुजी म्हणत. पेटीच्या अंगावर त्याने एक चिठ्ठी डकवली होती: यंत्र झोपू देऊ नये. चालू असताना पडद्याची वायर हलवू नये. विचारल्याशिवाय काहीही बदलू नये.

भाऊ येऊन खुर्चीत बसला. ताई उभी राहिली.

"वहीत सगळं लिहिलंय. कधी गेलं, तेव्हा काय उघडं होतं."

"वही कशाला? यंत्र स्वतःच नोंदी ठेवतं. माणसाच्या आठवणीवर आम्ही जात नाही."

"आठवण नाही, वही आहे."

आई दारात येऊन उभी राहिली. "दोन पडदे हवेतच कशाला? एकानं भागत नाही का?"

"भागतं, आई. पण तोही राहत नाही."

भावाने मोबाईलवर मंच उघडला आणि भराभर लिहिलं. ताईने त्याच्या खांद्यावरून वाचलं: यंत्र निर्दोष आहे. घरातल्या वापरणाऱ्या व्यक्तीला तांत्रिक ज्ञान नाही, काहीतरी काढघाल करत असते. उपाय सुचवा.

ताईची कानशिलं तापली.

"व्यक्ती म्हणजे मी?"

"तसं लिहावं लागतं गं. नाहीतर सगळे माझ्याच मागे लागतात."

उत्तर लगेच आलं: गुरुजी, प्रणालीची नवी आवृत्ती चढवलीत का? दोन पडदेवाल्यांचं त्यानंतर हेच होतंय. भावाने अंगठ्याने ते घाईघाईने वर सरकवलं, पण ताईचं वाचून झालं होतं.

"कधी चढवलीस?"

"सकाळी. तू अंघोळीला गेली होतीस. सगळ्यांनी चढवली होती, मी एकटाच मागे राहिलो होतो."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर नको म्हणाली असतीस."

ताईने पेटीवरच्या चिठ्ठीकडे पाहिलं. आठ महिने तिने ती चिठ्ठी पाळली होती. यंत्र झोपू नये म्हणून भरल्या ताटावरून उठून ती एक कळ दाबून येत असे.

"याला लहानपणापासून अंगणच वाकडं दिसतं," आई म्हणाली आणि आत निघून गेली.

दोष सापडायला पावणेपाच झाले. तो साधाच निघाला. अशी पेटी सुरू होताना आपण कंपनीचंच अमुक मॉडेल आहोत असं प्रणालीला खोटं सांगते. भावाने दिलेलं नाव अंगचाच पडदा असलेल्या मॉडेलचं होतं. जुनी आवृत्ती काणाडोळा करी. नवी तो नसलेला पडदा शोधत राही आणि कोलमडे. भावाने बिनपडद्याच्या मॉडेलचं नाव घातलं. दोन्ही पडदे उजळले आणि उजळलेलेच राहिले.

"ऊठ आता," ताई म्हणाली.

"थांब, हात नको लावूस. तासभर ताण देऊन बघतो." पडद्यावर चाचणीचे आकडे धावू लागले. "साठ मिनिटं टिकलं की मंचावर फोटो टाकायचाय."

"सहाला पान बंद होतंय."

"आणि मधेच बंद पडलं तर माझ्याच नावानं खडे फोडशील. तपासल्याशिवाय मी यंत्र कुणाच्या हातात देत नाही."

खुर्ची चाकांची होती. ताईने तिची पाठ दोन्ही हातांनी धरली आणि भावासकट ती ढकलत खिडकीपाशी नेऊन सोडली. मग उभ्यानेच चाचणी बंद केली, फिल्म उघडली, ओळ दुरुस्त केली आणि काम सुरू केलं. चाळीस मिनिटं ती बसली नाही. भाऊही खिडकीपाशीच राहिला. त्याचा मोबाईल अधूनमधून वाजत होता.

सहाला चौदा मिनिटं असताना फिल्म गेली. समितीची पोच आली.

"टिकलं ना?" भाऊ पायांनीच खुर्ची पुढे ओढत आला. "लावून दाखव की जरा. मोठ्या पडद्यावर."

ताईने शेवटचा प्रसंग लावला. पत्र्याचे डबे दाबणाऱ्या कारखान्यातली एक कामगार बाई भिंतीला टेकून बसली होती. तिने उजवा हात कॅमेऱ्यासमोर धरला. त्याला दोन बोटं होती.

"साहेब म्हणाले, मशीन उत्तम आहे," बाई सांगत होती. "म्हणाले, हात घालणारीचंच चुकलं."

भाऊ पडद्याकडे झुकला. "रंग काय अचूक आलेत बघ, ताई. कातडीचा रंग जमणं सगळ्यात अवघड असतं."

ताईने आवाज वाढवला.