दोन धरणांची एक कळ

शेवटचं बटण दाबलं आणि पलीकडच्या शत्रुदेशाचं सगळ्यात मोठं धरण पडद्यावर उघडं पडलं. धरण चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये एक फट होती. त्या फटीतून खात्यातली पोरं आत शिरली होती. आता इथून सोड म्हटलं की तिथं पाणी सुटणार.

खोलीत एकच गलका झाला. साहेब ताडकन उठले. देशाचे संगणक सांभाळणाऱ्या या खात्यात त्यांची हयात गेली, पण शत्रूची शेंडी अशी हाती कधी लागली नव्हती. त्यांना आकाश ठेंगणं झालं. मंत्र्यांना कळवायच्या आधी त्यांनी लेकीलाच फोन लावला. लेक ओली बाळंतीण, सासर आपल्याकडच्या मोठ्या धरणाच्या पायथ्याशी.

"काय ते विचारू नकोस, पण तुझ्या बापानं आज मैदान मारलंय."

फोनमधून नातीचं रडणं आलं. "थांबा हं बाबा, हिला घेते," म्हणत लेकीनं फोन बाजूला ठेवला. साहेबांनी तो कानाशी तसाच धरला आणि मुख्य प्रोग्रामर ताईंकडे वळले.

"ताई, ही फट शोधली कुणी? त्याला बढती देतो."

"पलीकडच्या धरणावरच्या एका बाईनं," ताई म्हणाल्या. "तिनंच आपल्याला कळवलं. ते वाचून पोरांनी आज करून बघितलं."

"स्वतःचं धरण आपल्या हातात दिलं? वेडी आहे का ती?"

"प्रोग्राम फुकटचा आहे, साहेब. कुणीही वाचावा, कुणीही वापरावा. त्यांनी घेतला, तोच आपण घेतला. तिनं कळवलं ते इथल्या धरणासाठी."

साहेबांना जरा वेळानं उमगलं. "म्हणजे आपलंही दार उघडं आहे?"

"सताड."

गलका थांबला. साहेबांनी फोन कानाशी घट्ट दाबला.

"मग तिनं आधी स्वतःचं दार का नाही लावून घेतलं?"

"तिथंही साहेब असतीलच की."

फोनमध्ये नात आता शांत झाली होती. लेक तिला थोपटत काहीतरी गुणगुणत होती.

"आपलं लावा आधी," साहेब कसेबसे म्हणाले. "दुरुस्तीला किती वेळ लागेल?"

"दुरुस्ती तिनंच करून पाठवलीय, साहेब. सोमवारपासून तुमच्या सहीसाठी थांबलीय."